सप्ताह साऱ्या गावाचा आहे

मराठवाड्यातल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताह समित्यांना आणि त्यांच्या विणेकरी, टाळकरी, वाढपी, आचारी मंडळींना,

सप्रेम रामकृष्णहरी.

आमच्या औसा तालुक्यातल्या एका गावी यंदाच्या सप्ताहात एका महाराजांनी कीर्तनात सांगितलं, की ज्याचा देवावर विश्वास नाही त्यानं मंडपात पाऊल ठेवू नये आणि पंगतीला तर मुळीच बसू नये. टाळ्या पडल्या. काला झाल्यावर हिशेबाची बैठक बसली, तिथं दोघातिघांनी हाच धागा पुढं ओढला. पुढच्या सालापासून पहाऱ्याच्या, म्हणजे पाळीपाळीनं वीणा धरून नाम चालू ठेवणाऱ्यांच्या, यादीत फक्त माळकरी आणि देव मानणारेच घ्यावेत, बाकीची नावं काढावीत. ठराव झाला नाही, 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून विषय ठेवला गेला. त्यानंतर आसपासच्या गावांतूनही हीच भाषा कानावर येऊ लागली आहे. कीर्तनकार एका गावचे नसतात, त्यांचं बोलणं महिनाभरात दहा गावं फिरतं. म्हणून एका समितीला न लिहिता सगळ्यांनाच लिहितो आहे.

मी देव मानत नाही. कॉलेजात असताना हे माझं मला उमगलं आणि आज पन्नाशी ओलांडली तरी त्यात फरक पडलेला नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आई माळकरी होती, तिलाही ठाऊक होतं. ती म्हणायची, "तू नको मानू बाबा, पण काकड्याला उठ." मी उठत आलो. पहारा केला, पंगतीत वाढलं, वर्गणीच्या वह्या लिहिल्या, काल्याच्या दिवशी चुलाणापाशी उभा राहिलो. सप्ताह चुकला तर मला वर्ष अपुरं वाटतं. हे माझ्या एकट्याचं नाही. तुमच्या प्रत्येक गावात असे पाच-दहा लोक आहेत: शाळेतले मास्तर, बँकेतला कोणी, पुण्याला कंपनीत असलेली पोरं. ते तोंडानं बोलत नाहीत, पण मनातून मानत नाहीत आणि तरी सप्ताहाला रजा टाकून येतात. महाराज ज्यांना बाहेर काढायला सांगतात ते आम्ही.

महाराजांचा आक्षेप मला समजतो. त्यांना हे ढोंग वाटतं. मनात नाही आणि हातात टाळ, याला दुसरं काय म्हणायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

मी गळ्यात माळ घातलेली नाही. माळ घालताना माणूस शब्द देतो: एकादशी धरीन, वारी करीन, मांसमद्य सोडीन, पांडुरंगाला शरण जाईन. हा शब्द मला मनापासून देता येत नाही, म्हणून आईनं कितीदा सांगूनही मी माळ घेतली नाही. घेतली असती तर ते ढोंग झालं असतं. प्रवचनाला मला कोणी बसवलं नाही आणि मीही बसणार नाही, कारण तिथं बसणाऱ्याला अनुभवाचं बोलावं लागतं. पहाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पहाऱ्याला उभा राहणारा एवढाच शब्द देतो, की माझ्या वेळेत वीणा खाली टेकणार नाही आणि नाम थांबणार नाही. तो शब्द मी देऊ शकतो आणि आजवर पाळला आहे.

तुम्ही रोज पाहता ते एकदा माझ्या बाजूनं पाहा. रात्रीचे दोन वाजलेले असतात. कीर्तनाची गर्दी कधीच पांगलेली, सतरंज्यांवर दोनचार म्हातारी माणसं घोंगडी घेऊन आडवी. विणेकरी उभा, सोबतीला दोन टाळकरी, त्यातला एक डुलक्या घेतोय. वीणेच्या भोपळ्याला गुंडाळलेलं फडकं आधीच्या माणसाच्या घामानं ओलसर असतं. पहारा बदलायचा होतो. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, बोट तारेवरून उठायच्या आत दुसरं बोट तारेवर येतं. मग घेणारा देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो आणि देणाराही वाकतो. मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या पायावर डोकं ठेवलं आहे आणि गावच्या माजी सरपंचांनी माझ्या पायावर. बाकी वर्षभर हे दोघं एकमेकांना पारावर नमस्कारही करणार नाहीत. एवढी एक गोष्ट घडावी म्हणूनसुद्धा मी रात्री दोनला उठेन. तिथं देव आहे असं आई म्हणायची. मला तिथं माणसं दिसतात आणि ती वाकलेली असतात. आई आणि मी शेजारी उभे राहून त्याच एका गोष्टीसाठी जागत होतो.

दोन दोन तासांचा पहारा धरला तर सात दिवसांत चौऱ्याऐंशी पहारे होतात. प्रत्येकाला एक विणेकरी आणि किमान दोघं टाळकरी. किती गावांत आज एवढी माणसं सहज मिळतात? तरणी पोरं चाकण-रांजणगावला, ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर कारखान्यावर. कित्येक गावांत तीच ती म्हातारी माणसं दिवसातून दोनदा उभी राहतात. ज्या यादीत नावं कमी पडत आहेत, तिच्यातूनच नावं खोडायला निघालो आहोत.

पण माणसं कमी पडतात म्हणून आम्हाला ठेवा, एवढंच मला म्हणायचं नाही. रीतीभातींकडे न मानणारा माणूस कसा पाहतो ते तुम्हाला कळावं असं वाटतं. त्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत भूकंपानं काय झालं ते तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना मी सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. हजारोंच्या संख्येनं माणसं गेली. मी तेव्हा लातूरला शिकत होतो, मदतीच्या गाडीतून गेलो. वरून पाऊस आणि त्याच घरांचे वासे, तुळया, दारं रचून एकेका चितेवर कित्येकांना अग्नी. कोण कोणाचं ते पाहायला वेळ नव्हता. माझा देव तिथं सुटला असं काही लोक समजतात, तसं नाही. तो आधीच सुटला होता. तिथं मला दुसरंच काही कळलं. काही दिवसांनी पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसानं एका पाटावर घरातल्या साऱ्यांचे पिंड मांडले होते. त्यातल्या काहींची शरीरं त्यानं पाहिलीही नव्हती. तो प्रत्येक पिंडाकडे बोट करून एकेकाचं नाव घेत होता आणि त्याच्याभोवती बसलेली अनोळखी माणसं ते नाव पुन्हा उच्चारत होती. त्या पिंडांनी गेलेल्यांना काही पोचलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवसापर्यंत तो माणूस जेवत नव्हता, नंतर जेवला. सगळ्यांना एकत्र जाळलं तेव्हा त्याला कोणाचाच निरोप घेता आला नव्हता.

तेव्हापासून 'या सगळ्या निरर्थक रूढी आहेत' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. काही रूढी क्रूर असतात, काही खर्चिक असतात, त्यांच्याशी मी भांडतो. निरर्थक म्हणायला मात्र जीभ धजत नाही.

दुसरी गोष्ट अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दहाव्याची. तेरणेच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ऊन चढत चाललं. भावकी उभी, सोयरे उभे. मग रीतीप्रमाणे एकेकजण पुढं येऊन बोलू लागला. चुलते म्हणाले, "अण्णा, बांधाचा वाद मिटवतो, काळजी करू नका." आत्या म्हणाली, "आईला मी दिवाळीला घेऊन जात जाईन." मला पुढं ढकललं. कावळ्यात अण्णा नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी न मानणारा आहे हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी म्हणालो, "धाकटीचं शिक्षण थांबू देणार नाही, तिला हवं तिथवर शिकवतो." थोड्या वेळानं कावळा आला. यायचाच होता, नदीकाठी कावळ्यांना काय तोटा. पण चुलत्यांनी बांधाचा वाद खरंच मिटवला, कारण सगळ्या भावकीसमोर बोलून बसले होते. बहीण आज परभणीत नोकरीला आहे. वारसांना एका जागी उभं करून, मेलेल्या माणसाच्या साक्षीनं, राहिलेल्या गोष्टी मोठ्यानं वदवून घेण्याची अशी दुसरी सोय मला तहसीलमध्ये दिसली नाही की कोर्टात दिसली नाही.

त्याच दहाव्याला मी एका गोष्टीला आडवा आलो, तेही सांगितलं पाहिजे. आईच्या बांगड्या फोडायच्या आणि कुंकू पुसायचं म्हणून बायका पुढं आल्या, तेव्हा मी मध्ये उभा राहिलो आणि होऊ दिलं नाही. मोठा गोंधळ झाला, दोन घरं जेवायला थांबली नाहीत. पुढं मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, तेव्हा आमच्याकडचा विरोध जरा मावळला. जो पिंडापुढं उभा राहिला तोच बांगड्यांच्या आड आला. न मानणारा माणूस रीतीत उभा राहिला तर हे होतं. देवाची आज्ञा म्हणून त्याच्यावर काही बंधन नसतं, त्यामुळं कोणाला धीर मिळतो आणि कोणाला चटका बसतो हे त्याला पाहावंच लागतं.

माझ्या चळवळीतल्या मित्रांनाही इथं दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. ते मला विचारतात, की तू टाळ धरतोस तेव्हा बुवाबाजीला बळ मिळत नाही का. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. आपली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, ही त्यांची जाहीर भूमिका होती. 'होळी लहान करा, पोळी दान करा' हे आवाहन होळीशी नातं तोडणाऱ्याचं नसतं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात त्रिशरण-पंचशील होतं, तेव्हा तिथं जगाचा निर्माता कोणी मानलेला नसतो आणि तरी सगळे हात जोडून एका सुरात म्हणत असतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. ज्यांनी ती घेतली त्यांनी ती का घेतली हे मी जाणतो, आणि माझ्या दहाव्याची गोष्ट सांगून त्यांना काही शिकवायला मी जाणार नाही. पण देव सोडला म्हणून एकत्र येऊन म्हणायचं, वाकायचं, दिवा लावायचं सोडावं लागत नाही, हे बाबासाहेबांच्या लेकरांनी मराठवाड्याला रोज दाखवलं आहे. आणि नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांनी आपलं नास्तिकपण कधी झाकलं नाही, तरी मराठवाड्यानं त्यांना डोक्यावर घेतलं.

आता पुन्हा तुमच्याकडे वळतो, माउली.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तो तुमच्याच घरात आहे. यज्ञकर्माची सर्वांत कडक बाजू घेणारे पूर्वमीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, तरी सहा आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांत त्यांची गणना झाली. एवढं लांब जायचं नसेल तर पैठणला चला. नाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा तुम्ही सगळे कीर्तनांतून सांगता: पितरांसाठी रांधलेलं अन्न त्यांनी दाराशी आलेल्या भुकेल्या, गावानं अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना वाढलं आणि निमंत्रित ब्राह्मण रागावून गेले. ती कथा सांगून झाल्यावर त्याच मंडपातल्या पंगतीतून एखाद्याला 'तू मानतोस का' असं विचारून उठवायचं, हे कसं जमणार? चोखोबांना पंढरपूरच्या देवळाबाहेर ठेवलं, ते दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. माझी गोष्ट चोखोबांच्या दुःखाशी नेऊन भिडवण्याचं धाडस मी करत नाही. त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला, माझ्यावर कोणी बोटही उगारलेलं नाही. पण दारात माणूस अडवला की काय होतं, हे ज्या संप्रदायाला इतकं खोलवर माहीत आहे, त्यानं नवी दारं बांधू नयेत.

आणि आपल्याकडे विश्वासाचा दाखला न मागता साजरा होणारा एक मोठा दिवस आहेच. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडचं कोणीही सांगेल, त्या दिवशी शहरातल्या गल्ल्या ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यावर शाल टाकतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगाभाज्यांची ती आंबटगोड भज्जी, मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. ओळख नसलेल्या वाटसरूलाही हाताला धरून बसवतात. आमच्या शेतात त्या दिवशी शेजारचे मुसलमान कुटुंब असतं, लिंगायत व्याही असतात, माझे न मानणारे मित्र असतात. पाच दगडांत पांडव खरंच आहेत का, हे आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही. आंबील घेऊन जा म्हणतात, एवढंच. तीच माणसं, तेच गाव. मग सप्ताहात वेगळा कायदा कशाला?

माझं मागणं थोडकं आहे. पहाऱ्याच्या यादीत नाव घालताना माणूस वेळेवर येतो का, शुद्धीत येतो का, वीणा सांभाळतो का, एवढं पाहा. त्याच्या मनात काय आहे ते विचारू नका. पंगतीत तर काहीच विचारू नका. बोलावलेल्या महाराजांना आधीच कल्पना द्या, की आमच्या गावात सगळ्या प्रकारची माणसं आहेत आणि मंडपातून कोणाला उठवायची आमची रीत नाही. लाखाच्या घरातलं मानधन ठरवताना एवढी एक अट घालायला काय हरकत आहे?

आमच्याकडून तुम्हाला काय मिळेल तेही सांगतो. आम्ही खोटं बोलणार नाही. साक्षात्कार झाल्याचा आव आणणार नाही आणि तुमच्या श्रद्धेची टिंगल मंडपात काय, पारावरही करणार नाही. बैठकीत मात्र बोलू. वीणा गावातल्या प्रत्येक वस्तीच्या माणसाच्या गळ्यात गेली पाहिजे, बायकांना पहाऱ्यात जागा मिळाली पाहिजे आणि ग्रंथपूजनाच्या दिवशी विधवेला मागं बसवता कामा नये, हे दरसाल बोलू. ज्या घरात यंदा सोयाबीन पाण्यात गेलं त्या घराकडून वर्गणी घेऊ नका, हेही सांगू. यातलं निम्मं तुमच्यातल्या श्रद्धावंतांनाही वाटतं, ते मला बाजूला घेऊन सांगतात.

सप्ताहाच्या पत्रिकेवर खाली 'आपले विनीत, समस्त गावकरी मंडळी' असं छापलेलं असतं. त्या समस्तांत मी आहे, असं धरूनच आजवर दरवर्षी ती पत्रिका घरोघर वाटत आलो. यंदा जे पुढच्या बैठकीवर ठेवलं आहे त्याचा निकाल माझ्या पाठीमागं लावू नका. बैठक लावाल तेव्हा मला निरोप द्या, महाराजांनाही बोलवा. त्यांचं मी पूर्ण ऐकून घेईन, माझंही त्यांनी ऐकावं. तारीख ठरली की कळवा.

आपला,
औसा तालुक्यातला एक गावकरी